जुना डेटा माळ्यावर टाका, पण आधी बाकी पुढे ओढा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका प्रश्नावर बोललो, जो प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच: "सर, बिलिंग सॉफ्टवेअर आधी पळत होतं, आता रांगतंय. जुना डेटा काढून टाकू का?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळं नीट, क्रमाने इथे लिहितोय. तुमचं दुकान असो, होलसेलचं काम असो, क्लास असो किंवा स्वतःचं छोटं ॲप बनवून घेतलेलं असो, हा विषय आज ना उद्या तुमच्याकडे येणारच. डेटाबेसचं ज्ञान नसेल तरी चालेल. मालक म्हणून काय विचारायचं आणि कशावर सही करायची नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

माझ्याच सल्ल्यामुळे झालेला घोळ

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बॅचमध्ये असाच प्रश्न आला आणि मी सहज बोलून गेलो, "दोन वर्षांपूर्वीचा डेटा काय लोणचं घालायला ठेवलाय का? काढून टाका." सगळे हसले. पण त्यातल्या एकाने, कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या मित्राने, ते मनावर घेतलं.

जूनचा महिना. पेरणीचे दिवस, दुकानासमोर रांग. शेतकऱ्याचा मोबाइल नंबर टाकला की त्याचं खातं उघडायला अर्धा-पाऊण मिनिट लागायचं. वैतागून त्याने सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला, "दोन वर्षांपूर्वीचं सगळं उडव." त्याने भर दुपारी लांबूनच कॉम्प्युटर हातात घेतला आणि एकच आदेश दिला: अमुक तारखेआधीची सगळी बिलं डिलीट.

पहिला फटका लगेच बसला. काउंटर ठप्प! बिल सेव्ह होईना, खातं उघडेना. पाऊण तास कच्च्या पावत्यांवर माल द्यावा लागला. काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली.

दुसरा फटका रात्री कळला. उधारीची यादी काढली तर ती लहान झाली होती. कारण दोन वर्षांपूर्वीच्या बिलांमध्ये न भरलेली बिलंही होती. कुणी उसाचं बिल आल्यावर देतो म्हणालेला, कुणी सोयाबीन विकल्यावर. सॉफ्टवेअरला ते कुठे कळतं? त्याला फक्त तारीख सांगितली होती. नशीब, नऊ दिवस जुना बॅकअप पेन ड्राइव्हवर सापडला. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून, दोन रात्री जागून, नवरा-बायकोने ती थकीत बिलं एकेक करून परत भरली.

आणि तिसरी गोष्ट ऐका. एवढं करूनही सॉफ्टवेअर स्लोच राहिलं. दुखणं जुन्या डेटात नव्हतंच!

त्या दिवसापासून मी "काढून टाका" हा शब्द वापरत नाही. आजचा लेख म्हणजे त्या वेळी मी जे सांगायला हवं होतं ते.

आधी तपासा: दोष खरंच जुन्या डेटाचा आहे का?

समजा तुमच्या दुकानात रोज २०० बिलं होतात, प्रत्येक बिलात सरासरी ५ वस्तू, आणि वर्षात ३०० दिवस दुकान उघडं. म्हणजे वर्षाला ६०,००० बिलं आणि ३ लाख ओळी. सहा वर्षांत १८ लाख ओळी. ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण नीट बांधलेल्या डेटाबेससाठी हे ओझं नाही. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे एक्सेलवर काम चालवणाऱ्याची अडचण मी समजू शकतो. डेटाबेसचं तसं नसतं.

मग स्लो का होतं? बहुतेक वेळा कारण असतं इंडेक्स नसणं. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते ती सूची. सूची असेल तर "मोबाइल नंबर अमुक" शोधायला डेटाबेस थेट त्या पानावर जातो. लाखो ओळी असल्या तरी तीन-चार पायऱ्यांत काम होतं. सूची नसेल तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक ओळ वाचत बसतो. दुकान नवीन असताना पानंच कमी असतात, म्हणून हा दोष दिसत नाही. तीन वर्षांनी दिसतो आणि मग आपण म्हणतो, डेटा जास्त झाला.

आमच्या त्या मित्राकडे नेमकं हेच होतं. मोबाइल नंबरच्या रकान्यावर इंडेक्स नव्हता. नंतर दुसऱ्या जाणकार माणसाने एका रात्री तो टाकून दिला आणि सकाळी खातं क्षणात उघडायला लागलं. म्हणजे जे काम काही मिनिटांचं होतं, त्यासाठी दोन रात्रीची झोप आणि एक दुपारचा धंदा गेला.

म्हणून पहिला नियम: सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, "कुठली स्क्रीन स्लो आहे, आणि तिच्यामागचा शोध इंडेक्स वापरतोय का?" त्याला हे तपासता येतं. डेटाबेस स्वतःच सांगतो की एखादा शोध घ्यायला त्याने कुठला रस्ता घेतला.

मग जुना डेटा बाजूला काढायची गरज कधी पडते? चार खुणा लक्षात ठेवा.

एक, बॅकअपला लागणारा वेळ वाढत चाललाय आणि दुकान बंद करायच्या वेळी तो पूर्णच होत नाही.

दोन, वर्षाचे किंवा "सगळ्या मालाचे" रिपोर्ट अडकतात. बेरीज करायची तर प्रत्येक ओळ वाचावीच लागते, तिथे इंडेक्स फारशी मदत करत नाही.

तीन, डिस्क भरत आलीय, किंवा क्लाउडचं भाडं दरमहा चढतंय.

चार, डेटाबेसची स्वतःची मर्यादा जवळ आलीय. ही खूण सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडची बरीच छोटी बिलिंग सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या फुकट आवृत्तीवर चालतात. २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेस आवृत्त्यांमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. जुन्या ॲक्सेसच्या फाइलला २ जीबीची. तिथे पोचलात की सॉफ्टवेअर स्लो होत नाही, थेट नवीन बिल सेव्ह व्हायचं थांबतं. भर सणात हे झालं तर काय होईल, विचार करा.

आता तुम्ही म्हणाल, १८ लाख ओळींनी १० जीबी भरेल का? नुसत्या ओळींनी नाही भरत. भरतं ते बिलांच्या पीडीएफ, मालाचे फोटो आणि सॉफ्टवेअरच्या नोंदवह्या डेटाबेसच्या पोटातच ठेवल्यामुळे. एक पीडीएफ ६० केबीची धरली, तर ६०,००० बिलांचे वर्षाला साधारण ३.६ जीबी होतात. तीन वर्षं भरायच्या आत मर्यादा आली की नाही? अशा वेळी बिलांना हातही न लावता नुसत्या पीडीएफ बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवल्या, आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता ठेवला, तरी बराच भार उतरतो. त्या फोल्डरचाही बॅकअप मात्र वेगळा घ्यावा लागतो, हे विसरू नका.

डिलीट, बॅकअप आणि आर्काइव्ह: तीन वेगळ्या गोष्टी

इथे गोंधळ फार होतो. आपल्या जुन्या पेढ्यांचं उदाहरण घेऊ. दिवाळीला नवी वही पुजायची. पण त्याआधी दिवाणजी काय करायचे? जुन्या खतावणीतलं एकेक खातं उघडायचे, ज्याची बाकी आहे ती नव्या वहीत पुढे ओढायचे, जुळणी करायचे, आणि मग जुनी वही फडक्यात बांधून माळ्यावर. रोजच्या कामाला हलकी, नवी वही. पण कुणी येऊन म्हणालं, "तीन वर्षांपूर्वी मी पैसे भरले होते," तर माळ्यावरून वही खाली यायची.

हेच आर्काइव्ह. जुना डेटा रोजच्या टेबलमधून काढून वेगळ्या जागी ठेवायचा, तो वाचता येईल असा, पण रोजच्या कामाच्या वाटेत येणार नाही असा.

डिलीट म्हणजे वही बंबात घालणं. परत मिळत नाही.

बॅकअप म्हणजे चालू वहीची झेरॉक्स. आग लागली, कॉम्प्युटर बिघडला तर कामाला येते. पण लक्षात घ्या, बॅकअप फिरते असतात. बरेच जण शेवटचे ७ किंवा ३० दिवसांचे बॅकअप ठेवतात आणि जुने आपोआप पुसले जातात. म्हणजे आज तुम्ही जुनी बिलं डिलीट केलीत, तर महिन्याभराने एकाही बॅकअपमध्ये ती नसतील. "काढून टाक रे, बॅकअपमध्ये आहे की" हे वाक्य ऐकलंत की सावध व्हा.

काय हलवायचं आणि काय नाही

आजच्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: डेटा जुना झाला म्हणून हलवायचा नाही, व्यवहार संपला म्हणून हलवायचा.

तारीख ही पहिली चाळणी. तिच्यानंतर दुसरी चाळणी लावायची. या गोष्टी कितीही जुन्या असल्या तरी चालू डेटामध्येच राहू द्या:

पहिली, न भरलेली किंवा अर्धवट भरलेली बिलं. इथे नुसती "मागील बाकी १८,००० रुपये" अशी एक ओळ पुढे ओढून भागत नाही, प्रत्येक बिल त्याच्या तारखेसकट राहू द्या. कारण आहे. मुदत कायदा १९६३ प्रमाणे, उधारीवर विकलेल्या मालाचे पैसे वसूल करायला कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं नसेल तर ती माल दिल्याच्या तारखेपासून मोजतात. मुदत संपायच्या आत समोरच्याने सही करून लेखी कबुली दिली, तर तिथून नवी मुदत सुरू होते. म्हणजे कुठलं बिल किती जुनं आहे हे डोळ्यासमोर असणं हाच तुमचा फायदा. एकरकमी बाकीत त्या तारखा बुडतात.

दुसरी, ॲडव्हान्स घेतलेले पण माल न दिलेले व्यवहार, आणि परत आलेल्या मालाच्या न मिटवलेल्या नोंदी.

तिसरी, वॉरंटी चालू असलेला माल. पाच वर्षांची वॉरंटी असलेला पंप विकला असेल, तर त्याचं बिल दोन वर्षांनी माळ्यावर टाकून कसं चालेल?

चौथी, वाद किंवा नोटीस चालू असलेलं काहीही.

याशिवाय एक छुपी अडचण असते. तुमचं सॉफ्टवेअर काही आकडे जुन्या बिलांमधून दर वेळी नव्याने काढत असेल. मालाचा शिल्लक साठा, गिऱ्हाइकाचे पॉइंट, "मागच्या वेळी या पार्टीला काय भावाने दिलं होतं" हे सगळं. जुनी बिलं हलवली की साठा अचानक चुकतो, पॉइंट शून्य होतात. म्हणून हलवण्याआधी त्या तारखेचा प्रत्येक वस्तूचा आरंभीचा साठा, प्रत्येक गिऱ्हाइकाचे पॉइंट आणि शेवटचा भाव वेगळा नोंदवून घ्यायचा. दिवाणजींनी बाकी पुढे ओढली तशीच ही पण ओढायची.

आणि बिलाचं डोकं आणि त्याच्या ओळी एकत्रच हलल्या पाहिजेत. डेटाबेसमध्ये सहसा बिलाचा नंबर, तारीख, नाव एका टेबलमध्ये असतं आणि आतल्या वस्तू दुसऱ्या टेबलमध्ये. एक हललं आणि दुसरं राहिलं, की ना इकडचं ना तिकडचं.

कायदा काय म्हणतो?

माळ्यावर टाकायला कायदा अडवत नाही. फेकायला अडवतो.

तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. उदाहरण घ्या. २०२३-२४ या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर २०२४. त्यात ७२ महिने मिळवा, म्हणजे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. एप्रिल २०२३ मध्ये फाडलेलं बिल पावणेआठ वर्षं सांभाळायचं! "सहा वर्षं झाली, टाकून दे" असं बोटांवर मोजू नका. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकाल लागल्यानंतर एक वर्षापर्यंत, किंवा वरची मुदत, यातलं जे उशिराचं असेल ते लागू.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे मागच्या आठ आर्थिक वर्षांची पुस्तकं हवीत. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय चालू असणं सक्तीचं आहे. त्यामुळे कंपनीने डेटा हलवताना या बदलांच्या नोंदीही सोबत हलवायच्या.

आता एक गंमत बघा. जीएसटीच्या नियम ५७ मध्ये म्हटलंय की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डचा बॅकअप असा ठेवा की अपघाताने नाश झाला तरी माहिती वाजवी वेळात परत उभी करता येईल. मागणी झाली तर ती कागदावर किंवा वाचता येईल अशा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यायची, आणि फाइलींचे पासवर्ड अन् वापरलेल्या कोडचा अर्थही सांगायचा. "वाचता येईल अशा" हे शब्द अधोरेखित करा. पाच वर्षांनी सॉफ्टवेअर कंपनी बंद पडली, लायसन्स संपलं, पासवर्ड ज्याला माहीत होता तो मुलगा नोकरी सोडून गेला, तर ती फाइल असून नसल्यासारखी. म्हणून आर्काइव्हसोबत दर वर्षाची बिलं पीडीएफ किंवा सीएसव्ही अशा साध्या स्वरूपातही काढून ठेवा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडते, कुठल्याही सॉफ्टवेअरवर अवलंबून राहत नाही.

मुदतीबद्दल शेवटचा शब्द तुमच्या सीएचा. आर्काइव्ह करण्याआधी त्यांना एक फोन नक्की करा.

चालू दुकानात डेटा हलवायचा कसा?

आता मूळ प्रश्न: काउंटर न थांबवता हे करायचं कसं? काम डेव्हलपर करेल, पण क्रम तुम्हाला माहीत हवा.

१. आधी पूर्ण बॅकअप, आणि तो उघडून बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडा, दोन-चार जुनी बिलं शोधा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

२. तालीम करा. त्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळी प्रक्रिया एकदा करून बघा. किती वेळ लागतो, कुठला रिपोर्ट बिघडतो, तिथेच कळू दे.

३. जुनी बिलं ज्या रकान्यावरून निवडणार, त्यावर इंडेक्स हवा. सहसा बिलाची तारीख. नाहीतर प्रत्येक वेळी जुनी बिलं शोधायलाच पूर्ण टेबल वाचलं जाईल आणि हलवायचं कामच काउंटर अडवेल.

४. लहान लहान गठ्ठ्यांत हलवा. सगळ्यात मोठी युक्ती हीच. डेटाबेस एखाद्या आदेशाचं काम पूर्ण होईपर्यंत त्या ओळींना कुलूप लावून ठेवतो. एका आदेशात दहा लाख ओळी पुसायला सांगितल्या, तर तेवढा वेळ कुलूप. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर एका आदेशात एका टेबलवरची कुलुपं ५,००० च्या घरात गेली की तो सुट्या ओळींऐवजी आख्ख्या टेबललाच कुलूप लावायला बघतो. आमच्या मित्राचं काउंटर ठप्प झालं ते असं. इतर डेटाबेसमध्ये हुबेहूब असं होत नसलं, तरी मोठा आदेश सगळ्यांनाच जड जातो, आणि मध्येच थांबवला तर केलेलं सगळं उलटं फिरवण्यात आणखी वेळ जातो.

म्हणून एका वेळी १,००० ओळी, मग दोन सेकंद विश्रांती, मग पुढच्या १,०००. त्या विश्रांतीत काउंटरवरची बिलं पुढे सरकतात. हिशेब करू: १२ लाख ओळी म्हणजे १,२०० गठ्ठे. एका गठ्ठ्याला एक सेकंद आणि विश्रांती दोन सेकंद धरली, तर ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास. दुकान बंद झाल्यावर लावलं तर जेवण होईपर्यंत काम संपतं. प्रत्यक्षात तुमच्या कॉम्प्युटरप्रमाणे वेळ कमी-जास्त होईल, तो तालमीत कळेलच.

५. कॉपी, जुळणी, मगच पुसणं. प्रत्येक गठ्ठा आधी आर्काइव्हमध्ये कॉपी करायचा. मग जुळवायचं: ओळींची संख्या तेवढीच आहे का? रकमेची बेरीज पैशापर्यंत जुळते का? जुळलं तरच मूळ जागेवरून पुसायचं, आधी बिलाच्या ओळी, मग बिलाचं डोकं. मध्येच लाइट गेली तर? पुन्हा चालू केल्यावर जी बिलं आर्काइव्हमध्ये आधीच आहेत ती दुसऱ्यांदा कॉपी होता कामा नयेत, अशी सोय डेव्हलपरकडून मागून घ्या.

६. वेळ निवडा. रात्री, सुट्टीच्या दिवशी, मंदीच्या महिन्यात. कृषी केंद्रवाल्याने जूनमध्ये नाही, कपडेवाल्याने दिवाळीत नाही, शाळेच्या साहित्यवाल्याने मे-जूनमध्ये नाही. जीएसटी रिटर्न भरायच्या आठवड्यात तर कुणीच नाही.

नवीन ॲप बनवून घेत असाल तर आणखी सोपा रस्ता आहे. डेव्हलपरला सुरुवातीलाच सांगा की मोठी टेबलं वर्षाप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे विभागून ठेव. याला पार्टिशन म्हणतात. एकाच कपाटात प्रत्येक वर्षाचा वेगळा खण. मग जुनं वर्ष हलवताना एकेक कागद उचलावा लागत नाही, आख्खा खण काढता येतो. फक्त न भरलेली बिलं त्या खणात अडकलेली नाहीत ना, ते आधी बघायचं.

टॅली वापरणाऱ्यांसाठी: तिथे ठराविक तारखेला कंपनीचा डेटा विभागायची सोय आहे. ती वापरण्याआधीही बॅकअप आणि डेटाची तपासणी करायची. नियम तोच.

हलवल्यानंतर

डेटा हलवला, पण फाइलचा आकार तेवढाच! घाबरू नका. कपाट रिकामं झालं म्हणून कपाट लहान होत नाही. बहुतेक डेटाबेस रिकामी झालेली जागा स्वतःकडे राखून नव्या नोंदींसाठी वापरतात. ती जागा डिस्कला परत द्यायची तर वेगळं काम करावं लागतं, आणि ते चालू असताना टेबल अडू शकतं. म्हणून तेही रात्रीच, आणि खरंच गरज असेल तरच.

दुसरं, जुनं बिल शोधायची स्क्रीन हवी. मुख्य शोधाच्या शेजारी "जुन्या वर्षांत शोधा" असं एक बटण पुरे. बिल नंबर, नाव, मोबाइल यावर शोध चालावा. बियाणं विकणाऱ्यांनी लॉट नंबरवरही ठेवावा, कारण उगवण झाली नाही अशी तक्रार आली की पहिलं बोट त्याच नंबरवर जातं. इथे दहा सेकंद लागले तरी चालतील, कारण रोज लागत नाही. आणि तिथला डेटा फक्त वाचता यावा, बदलता येऊ नये.

तिसरं, आर्काइव्हचाही बॅकअप. एक प्रत दुकानात, एक दुकानाबाहेर. माळ्यावरच्या वहीला वाळवी लागते हे आपल्याला माहीतच आहे.

सॉफ्टवेअरवाल्याला विचारायचे सात प्रश्न

हे कागदावर लिहून घ्या आणि हातात धरून फोन करा.

१. आमचा डेटाबेस कुठला, आज त्याचा आकार किती आणि मर्यादा किती?
२. स्लो असलेल्या स्क्रीनचा शोध इंडेक्स वापरतो का?
३. जागा नेमकी कशाने भरलीय, बिलांनी, फोटोंनी की पीडीएफनी?
४. न भरलेली बिलं आर्काइव्हमधून वगळणार कशी?
५. साठा, पॉइंट, शेवटचा भाव हे हलवल्यानंतर बरोबर राहतील का?
६. किती ओळींच्या गठ्ठ्यांत हलवणार, आणि मध्येच थांबलं तर काय?
७. पाच वर्षांनी तुम्ही नसलात, तर हा डेटा मी कसा उघडायचा?

सातव्या प्रश्नावर जो शांतपणे उत्तर देतो, त्याच्याकडे काम द्यायला हरकत नाही.

आमच्या त्या कृषी केंद्रवाल्या मित्राने पुढे काही काळाने खरोखरच आर्काइव्ह केलं, कारण डेटाबेस मर्यादेजवळ आला होता. फेब्रुवारीत, रविवारी रात्री, याच क्रमाने. सोमवारी सकाळी त्याने मला उधारीच्या यादीचा फोटो पाठवला. शनिवारची बेरीज आणि सोमवारची बेरीज, दोन्ही शेजारी शेजारी, पैशापर्यंत सारख्या. खाली लिहिलं होतं, "सर, या वेळी बायको झोपली होती."

तुम्हीही या रविवारी तीनच कामं करा. डेटाबेसचा आकार बघा, शेवटचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि न भरलेल्या बिलांची यादी तारखेसकट छापून ठेवा. डेटा हलवायचा की नाही ते त्यानंतर ठरवू. पुढच्या व्हिडिओत आपण उधारीची हीच यादी समोर ठेवून वसुलीबद्दल बोलणार आहोत, तेव्हा ती छापलेली असेल तर बरं पडेल.